जुन्या रेडिओचे दुखणे

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि वऱ्हाडातील हिवरखेडसारख्या गावांना जवळचे केंद्र लाभले. पुढे घरोघरी आलेले ट्रान्झिस्टरचे संच आता जुने झाले. त्यांतील काही बोलण्याऐवजी घुरघुरतात.

घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असते. संचातील नाजूक भागांना मात्र पुष्कळदा सुमारे १२ व्होल्ट, तेही स्थिर, लागतात. पूर्वी मोटेच्या पाण्याचा लोंढा थारोळ्यात पडे व तेथून पाटाने संथ वाहे. रेडिओतील कंडेन्सर हे असेच थारोळे होय. त्यापुढील दाबनियामक म्हणजे पाटाच्या तोंडाशी बसलेला राखणदार. झेनर डायोड त्याची मर्यादा ठरवितो आणि ट्रान्झिस्टर तेवढाच दाब पुढे जाऊ देतो.

घुरघुर ऐकू आली, की कंडेन्सर सुकल्याचा संशय येतो. तथापि जाणता कारागीर तर्कावर विसंबत नाही. तो नियामकाच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मीटरने मोजतो. अलीकडेच दाब नसेल, तर दोष मागे असतो. अलीकडे असून पलीकडे नसेल, तर दोष नियामकात किंवा त्याच्या पुढे असतो. दोन्हीकडे सारखाच दाब भरला, तर राखणदार निकामी झाला असे समजावे. अशा वेळी संच तत्काळ बंद करावा. नाहीतर पुढचे दुर्मिळ भाग जळतात. मूळ कारण न शोधता घातलेला नवा ट्रान्झिस्टरही जळून जातो.

वीज तोडल्यावरही कंडेन्सरमध्ये विद्युत्भार उरतो. म्हणून मुलांनी उघड्या संचाला हात लावू नये. कारागिराचे काम मात्र अवश्य पाहावे. दोष कसा शोधावा, हे तेथे शिकावयास मिळते.