खत बंद करून शेवाळ जात नाही

काचेवर हिरवे ठिपके उमटले, अनुबियासच्या पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखे झुपके फुटले, की पाणवनस्पतींची टाकी ठेवणारा माणूस सगळ्यात आधी खत बंद करतो. त्यामागचा तर्क सरळ वाटतो. शेवाळ नत्र आणि स्फुरदावर वाढतं, म्हणून पाण्यातून ही दोन्ही काढून घेतली की ते उपासमारीने मरेल. बाजारात फॉस्फेट शोषून घेणारी फिल्टर-माध्यमंही याच समजुतीवर खपतात. शेवाळाला नत्र-स्फुरद लागतं एवढा भाग बरोबर आहे. चूक आहे ती प्रमाणाची, आणि याच चुकीपायी हिरव्यागार होऊ शकणाऱ्या कितीतरी टाक्या कुपोषित राहतात.

शेवाळाच्या पेशी सूक्ष्म असतात. आकाराच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे पाण्यातला नगण्य अंशही त्या शोषून घेऊ शकतात. तलावांच्या अभ्यासात एका लिटरला साधारण ३५ मायक्रोग्रॅम फॉस्फरस गाठला गेला, की तो तलाव अतिपोषित मानतात. फॉस्फेटच्या हिशेबात हे लिटरला जेमतेम ०.१ मिलिग्रॅम होतं. घरगुती टेस्ट किटमध्ये एवढ्याने रंग बदललाच तर तो डोळ्याला धड कळत नाही. म्हणजे किट शून्य दाखवत असतानाही शेवाळाचं ताट वाढलेलं असतं, आणि टाकीत मासे असतील तर माशांच्या खाद्यातून ते रोज भरतं. या पातळीच्या खाली पाणी नेणं घरच्या टाकीत जवळपास अशक्य आहे. त्या प्रयत्नात आधी उपाशी पडतात त्या हायग्रोफिला, रोटाला, व्हॅलिस्नेरियासारख्या मोठ्या, भराभर वाढणाऱ्या वनस्पती, कारण त्यांची गरज जास्त असते.

या समजुतीला एक प्रतिष्ठित पूर्वज आहे. १९९६ मध्ये पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी लागवडीच्या टाक्यांतील शेवाळावर एक लेख लिहिला. स्फुरद मर्यादित ठेवलं की वनस्पती शेवाळावर मात करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र त्याच पद्धतीत ते पाण्यात नायट्रेट, पालाश, मॅग्नेशियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं नियमित घालत होते. हौशी लोकांनी त्यातलं स्फुरद रोखणं तेवढं उचललं आणि बाकीचं पोषण विसरून गेले. पुढे टॉम बार यांनी निरोगी, दाट लागवडीच्या टाक्यांत मुद्दाम फॉस्फेट घालून पाहिलं. शेवाळ आलं नाही, उलट वाढ सुधारली. त्यातून उभी राहिलेली एस्टिमेटिव्ह इंडेक्स पद्धत आज जगभर वापरली जाते. तीत नायट्रेट १० ते ३० पीपीएम आणि फॉस्फेट १ ते ३ पीपीएम ठेवतात, आणि साठा वाढू नये म्हणून दर आठवड्याला निम्मं पाणी बदलतात. हे फॉस्फेट अतिपोषित तलावाच्या त्या उंबरठ्याच्या दहा ते तीस पट भरतं. तेच शेवाळाचं मूळ असतं तर या पद्धतीची एकही टाकी स्वच्छ राहिली नसती.

इथे जाणकार वाचक एक रास्त आक्षेप घेईल. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने २२६ क्रमांकाचं तळं पडद्याने दुभागलं. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं, स्फुरद मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवा झाला. सांडपाण्याने कोल्हापूरच्या रंकाळ्याचं काय होतं हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. मग टाकीला वेगळा न्याय कसा? उत्तर त्या पाण्यात आणखी कोण राहतं यात आहे. शिंडलर यांच्या तळ्यात प्रकाश आणि स्फुरद यांवर हक्क सांगणारं तरंगत्या शेवाळाशिवाय फारसं कोणी नव्हतं. उथळ तळ्यांचा अभ्यास वेगळं चित्र दाखवतो. मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलं, की पोषणाच्या एकाच पातळीला असं तळं वनस्पतींनी भरलेलं, नितळ राहू शकतं किंवा गढूळ हिरवं होऊ शकतं. कोणती अवस्था टिकेल हे मुळं धरून बसलेल्या वनस्पतींवर बरंच अवलंबून असतं. लागवडीची टाकी म्हणजे असंच उथळ तळं. तिच्यात झाडं विरळ असतील किंवा आजारी असतील तर शिंडलर यांचा निष्कर्ष तिलाही लागू होईल, आणि नव्या, मोकळ्या टाकीत खत ओतणाऱ्याला तो लागू होतोच.

म्हणून विचारायचा प्रश्न असा: झाडाची वाढ कशावाचून अडली आहे? वनस्पतीच्या कोरड्या वजनात कार्बन सुमारे ४५ टक्के, नत्र दीड टक्का, पालाश एक टक्का आणि स्फुरद ०.२ टक्के असतं. सगळ्यात मोठी भूक कार्बनची आहे, आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असतो, तर सिलिंडर लावलेल्या टाकीत २० ते ३० ठेवतात. झाडाला किती लागेल हे प्रकाश ठरवतो. प्रखर एलईडी दहा-बारा तास चालू आणि कार्बन तुटपुंजा, अशा टाकीत खत कमी केल्याने काहीच साधत नाही. तिथे आधी दिवा सहा-सात तासांवर आणायला हवा.

उपाशी पानं आपली अवस्था दाखवतात. जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी, त्यांत टाचणीएवढी भोकं पडली तर बहुधा पालाश कमी, नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. अशा दुबळ्या पानांतून सेंद्रिय द्रव्यं पाझरतात आणि शेवाळ तिथेच बूड धरतं. त्यातही प्रकारांनुसार फरक आहे. काचेवरचे कडक हिरवे ठिपके बऱ्याचदा फॉस्फेट कमी पडल्याचं लक्षण असतात, आणि फॉस्फेट थोडं वाढवलं की नवे ठिपके येणं मंदावतं. काळे झुपके कार्बन डायऑक्साइड दिवसागणिक वरखाली होणाऱ्या टाकीत फोफावतात. निळसर-हिरवा, वास मारणारा चिकट थर तर खरं शेवाळच नाही. ते सायनोबॅक्टेरिया आहेत, आणि नायट्रेट संपलेल्या, पाणी न फिरणाऱ्या कोपऱ्यात ते हटकून सापडतात.

महाराष्ट्रात संतुलित खत देणं महागही नाही. द्राक्ष-डाळिंबाच्या बागांना ठिबकमधून दिली जाणारी विद्राव्य खतं कृषी सेवा केंद्रात मिळतात. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याचा एक ग्रॅम १०० लिटर पाण्यात सुमारे ६ पीपीएम नायट्रेट देतो आणि सोबत जवळपास ४ पीपीएम पालाश. ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. त्याचा दशांश ग्रॅम तेवढ्याच पाण्याला ०.७ पीपीएम फॉस्फेट पुरवतो. १९:१९:१९ मात्र टाकीजवळही आणू नये, कारण त्यातलं बरंचसं नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतं. अमोनिया माशांना विषारी आहे. माशांच्या विष्ठेतून सगळं पोषण मिळतं हाही गैरसमजच. तिच्यातून नत्र-स्फुरद मिळतं, पण पालाश आणि लोह झाडांना पुरेल इतकं क्वचितच. मुंबई-पुण्याचं नळाचं पाणी मृदू असतं, तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियमचीही भर घालावी लागते. बोअरच्या जड पाण्याला सहसा तिची गरज पडत नाही.

शेवटचा आक्षेप डायना वॉल्स्टाड यांच्या पद्धतीचा. त्या टाक्यांत बाटलीतलं खत नसतं, तरी त्या स्वच्छ राहतात. पण तळाला माती असते, माशांना भरपूर खायला घातलं जातं, प्रकाश मध्यम असतो आणि पहिल्या दिवसापासून दाट लागवड असते. झाडांना अन्न मिळतंच, फक्त वाट वेगळी आहे. मागणी सौम्य असल्याने ते पुरतं. प्रखर दिव्याखालच्या रेतीच्या टाकीला ही पद्धत उसनी देता येत नाही.

खत सुरू केल्यावर निकाल जुन्या पानांवर शोधू नये. शेवाळाने माखलेलं पान परत निरोगी होत नाही, ते कापूनच टाकावं लागतं. मात्र सगळी एकदम कापली तर पोषण शोषणारी पानंच उरणार नाहीत. दर पाणीबदलाच्या वेळी थोडी कापावीत आणि दोन-तीन आठवडे शेंड्यांकडे बघत राहावं. नवी पानं स्वच्छ, सरळ आणि पूर्ण आकाराची येत असतील तर मात्रा जुळली आहे.