'हस ना रे!' म्हटल्यावर मूल का हसत नाही

बोरनहाण असो, बारसं असो की पाडव्याचा घरगुती फोटो, दृश्य बहुतेक घरांत सारखंच असतं. मुलाच्या अंगावर नवे कपडे (बोरनहाण असेल तर काळं झबलं आणि हलव्याचे दागिने), समोर पाच-सहा मोबाइल, आणि प्रत्येक मोबाइलमागून वेगळी हाक: 'इकडे बघ', 'हस ना रे', 'स्माईल दे बघू'. मूल भेदरून बघत राहतं, दात विचकतं नाहीतर भोकाड पसरतं. मग ते हट्टी आहे, लाजाळू आहे, त्याचे फोटो चांगलेच येत नाहीत, असं ठरवून टाकलं जातं. यात मुलावर अन्याय होतो. मुळात गैरसमज आपला असतो. 'हात वर कर' म्हटल्यावर हात वर करता येतो, तसं सांगितल्यावर हसताही येतं, असं आपण धरून चालतो. लहान मुलाचं हसू मात्र समोरच्या माणसाला दिलेला प्रतिसाद असतो. ते हवं असेल तर आधी समोरच्या माणसाने काहीतरी करावं लागतं.

याला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. गियोम द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देऊन त्यांचे फोटो काढले आणि 1862 मध्ये ते पुस्तकरूपात प्रसिद्ध केले. गालाचा स्नायू विजेने आवळला की ओठांचे कोपरे वर जात, पण चेहरा आनंदी दिसत नसे. आनंदाने हसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांभोवतीचा गोल स्नायूही आवळला जातो, हे त्याने दाखवून दिलं. पुढे 1872 मध्ये चार्ल्स डार्विनने भावनांवरच्या आपल्या ग्रंथात द्युशेनचे फोटो वापरले. मेंदूच्या काही विकारांत तर हा फरक उघडच दिसतो. 'हसून दाखवा' म्हटल्यावर काही रुग्णांच्या ओठांची एक बाजू हलत नाही, पण विनोद ऐकला की दोन्ही बाजू सहज वर जातात. काहींच्या बाबतीत नेमकं याच्या उलट घडतं. म्हणजे सांगून आणलेलं हसू आणि आपसूक आलेलं हसू मेंदूतून वेगवेगळ्या वाटांनी चेहऱ्यावर येतं.

काही मोठी माणसं डोळ्यांचा स्नायूही ठरवून आवळू शकतात, मग या फरकाला अर्थ काय, असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे, आणि केवळ डोळे पाहून कुणाचं हसू खरं की खोटं याचा निवाडा करू नये हेही खरं. पण ते कसब सवयीने येतं. तीन वर्षांच्या मुलाला 'चीज' म्हणायला लावलं की 'ई' म्हणताना ओठ आडवे ताणले जातात, दात दिसतात आणि डोळे जसेच्या तसे राहतात. नीट पाहिलं तर फरक कळतो. मूल मनापासून हसतं तेव्हा गाल वर चढतात, खालची पापणी किंचित फुगून वर येते आणि डोळे बारीक होतात. कोवळ्या त्वचेवर डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या फारशा उमटत नाहीत, म्हणून मुलांच्या फोटोत पाहायची ती खालची पापणी.

दुसरा गैरसमज असा की मूल कॅमेऱ्याकडे बघून हसतं. बाळ साधारण सहा ते आठ आठवड्यांचं झालं की माणसाच्या चेहऱ्याकडे बघून हसू लागतं. तो चेहरा हरवला तर काय होतं, हे एडवर्ड ट्रोनिक या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात प्रयोगाने दाखवलं. बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायचा, एवढाच तो प्रयोग. बाळ आधी हसून, हात पुढे करून आईला पुन्हा खेळात ओढू पाहतं, मग नजर फिरवतं आणि कावरंबावरं होतं. आपण डोळ्यांपुढे मोबाइल धरतो तेव्हा मुलाचा आधार असलेला चेहरा आपणच झाकतो आणि वर हसण्याची अपेक्षा करतो. चेहरा दिसत असला तरी त्यावर काय आहे, हेही मूल वाचतं. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षाच्या मुलांसमोर काचेखाली खोलगट दिसणारा भाग ठेवला होता. पलीकडे आईचा चेहरा आनंदी असताना 19 पैकी 14 मुलं तो ओलांडून गेली. चेहरा घाबरलेला असताना 17 पैकी एकही गेलं नाही. पाहुणे ताटकळलेत, फोटोग्राफर घाई करतोय आणि आईच्या कपाळावर आठ्या आहेत, अशा वेळी मुलाने निर्धास्त हसावं कसं? त्यात साधारण आठव्या महिन्यापासून अनोळखी माणसाची भीती सुरू होते. फोटोग्राफर तर बहुधा अनोळखीच असतो.

'हसलास तर चॉकलेट' हा उपायही वाटतो तितका उपयोगाचा नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांच्या 1973 च्या अभ्यासात, चित्रं आवडीने काढणाऱ्या मुलांना बक्षीस आधीच कबूल केलं, तेव्हा नंतरच्या मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे कमी वळली. तो अभ्यास चित्रकलेचा होता, फोटोचा नव्हता, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावणार नाही. पण लक्ष खेळातून बक्षिसाकडे जातं, एवढं तर फोटोतही दिसतं. मुलाची नजर लेन्सवर नसते, चॉकलेट धरलेल्या हातावर असते.

मग करायचं काय? मुलाची झोप आणि जेवण झाल्यावरची वेळ निवडावी. फोन छातीशी धरावा, म्हणजे चेहरा उघडा राहतो. गुडघ्यावर बसून मुलाच्या नजरेच्या उंचीवर यावं. आवडत्या माणसाने लेन्सच्या अगदी शेजारी तोंड लपवून 'बुवा... कुक' करावं, आणि हाक मारायची ती त्या एकानेच. हसू क्षणभरात येऊन जातं, म्हणून बटण दाबून धरून सलग फोटो घ्यावेत. खिडकीजवळ भरपूर उजेड असेल तर शटर वेगाने चालतं आणि हलणारं मूल धूसर येत नाही.

घरच्या मोठ्यांचा आक्षेप असतो की असं खेळत बसलो तर सगळ्यांचा मिळून एकही फोटो धड येणार नाही. त्यांची इच्छा योग्यच आहे. आजी-आजोबांसोबतचा फोटो हवाच. पण तो बिघडतो त्याचं कारण पुष्कळदा मोठेच असतात. मुलाला 'तिकडे बघ' सांगताना सगळ्यांच्या माना मुलाकडे वळतात, आणि नेमकं मूल समोर बघतं तेव्हा बाकी कुणीच बघत नसतं. मोठ्यांनी समोर बघत राहावं आणि मुलाला हसवण्याचं काम कॅमेऱ्यामागच्या माणसावर सोडावं. एवढं करूनही एखादं मूल गंभीरच राहिलं, तर तसाच फोटो ठेवावा. काही मुलं नव्या माणसांकडे, नव्या कपड्यांकडे टक लावून बघतात. तोही त्यांचा खरा चेहरा आहे. येत्या संक्रांतीला बोरनहाणाच्या पाटाभोवती एकच कॅमेरा ठेवा, बाकीचे मोबाइल खिशात ठेवा आणि मुलाला तुमचे चेहरे दिसू द्या.