घरची डाळ आणि गावच्या तलावाचे पाणी

गोंदिया जिल्ह्यात धान हे मुख्य पीक असून भात हे नित्याचे अन्न आहे. घरातील तांदूळ कोणत्या हंगामातील आणि डाळ कोठून आलेली, यांवर तलावातील पाणी, बांधीचा कस व भोवतालची हवा ही तिन्ही काही अंशी अवलंबून असतात.

पावसाळी धान मुख्यतः पावसावर वाढते. तलावाचे पाणी उघडीप पडली म्हणजे कामी येते. उन्हाळी धानाची सर्व भिस्त मात्र साठविलेल्या किंवा उपसलेल्या पाण्यावर असते. एक किलो तांदूळ पिकविण्यास सरासरी सुमारे २,५०० लिटर पाणी लागते. कोहळी समाजाने नवेगावबांधसारखे तलाव बांधले, त्यांत पावसाळ्याचे पाणी साठते. उन्हाळ्यात तेच पाणी गुरांना, मासळीला व विहिरींच्या झऱ्यांनाही हवे असते.

दुसरा परिणाम हवेवर होतो. साचलेल्या पाण्याखालच्या मातीत हवा पोचत नाही. तेथील सूक्ष्म जीवाणू कुजणाऱ्या पदार्थांपासून मिथेन वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता अडवितो. पावसाळी बांधीतही तो निर्माण होतो. उन्हाळी धानाने त्यात भर पडते.

कडधान्यांचे कार्य याच्या उलट आहे. धान कापणीच्या सुमारे दोन आठवडे आधी ओलसर भारी बांधीत लाखोळी फेकून पेरण्याची उतेरा पद्धत जिल्ह्यात परिचित आहे. हे पीक उरलेल्या ओलीवर येते आणि मुळांवरील गाठींतील जीवाणूंच्या साह्याने हवेतील नत्र मिळविते. त्यामुळे खताचीही काही बचत होते.

लाखोळीविषयी सावधगिरी आवश्यक आहे. दुष्काळात महिनोन्‌महिने केवळ हेच धान्य खाणाऱ्यांचे पाय लुळे पडल्याचे आढळले आहे. म्हणून रतन, प्रतीक यांसारख्या कमी विषांशाच्या जाती पेराव्यात, डाळ भिजवून ते पाणी फेकून द्यावे आणि इतर डाळीही आहारात ठेवाव्यात.

उन्हाळी धानाला खरेदी केंद्रावर हमीभाव मिळतो. म्हणून ते एकदम सोडा, असे सांगणे व्यवहार्य नाही. शेतकरी बंधूंनी पुढीलप्रमाणे आरंभ करावा :

१. घरी वर्षभर किती डाळ विकत आणावी लागते याचा हिशेब करावा व तेवढ्यापुरती एक बांधी हरभरा, लाखोळी किंवा उन्हाळी मुगासाठी राखावी.

२. धुऱ्यावर तूर लावावी.

३. उन्हाळी धान घ्यावयाचेच असल्यास छिद्रे पाडलेली नळी बांधीत पुरावी. पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटर उतरल्यावरच पुन्हा पाणी द्यावे. फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी राखावे. या रीतीने पाण्याची ३० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते व मिथेनही घटतो.

ग्रामसेवकांनी व कृषि सहायकांनी हंगामापूर्वी ग्रामसभेत तलावाची पातळी सांगून, त्या पाण्यावर किती धान व किती कडधान्य घेता येईल याचा विचार गावाकडून करून घ्यावा.