नर्सिंग होम ते रुग्णालय : रुग्णाबरोबर येणारे प्रतिजैविकरोधी जिवाणू

पाश्चात्त्य वैद्यकीय नियतकालिकांतील ‘नर्सिंग होम’ हा शब्द हुबळी-धारवाडच्या वाचकाला चकवतो. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे लहान खासगी रुग्णालय; तिकडे ते परावलंबी वृद्धांचे निवासी शुश्रूषागृह असते. तेथून रुग्णालयात दाखल होणाऱ्या वृद्धांमध्ये औषधांना न जुमानणारे जिवाणू अधिक प्रमाणात आढळतात, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. आपल्याकडे वृद्धांची शुश्रूषा बहुधा घरीच होते. तथापि घर, नर्सिंग होम, मोठे रुग्णालय आणि पुन्हा घर ही फेरी येथेही आहेच. गदग, हावेरी या जिल्ह्यांतून हुबळीच्या ‘किम्स’मध्ये येणारे कित्येक रुग्ण आधी गावाकडे उपचार घेऊन आलेले असतात.

वृद्धांना प्रतिजैविके वारंवार दिली जातात. त्यांनी साधे जिवाणू मरतात, प्रतिरोधक तेवढे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. लघवीची नळी, पडून राहिल्याने पाठीला झालेल्या जखमा आणि शुश्रूषा करणाऱ्यांचे न धुतलेले हात यांमुळे त्यांना वाट मिळते. एमआरएसए हा जिवाणू नाकात व त्वचेवर राहतो, ई. कोलाय व क्लेबसिएला आतड्यात.

येथे एक भेद विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा. जिवाणू शरीरात असणे म्हणजे रोग होणे नव्हे. वाहक व्यक्तीला ताप नसतो, वेदना नसतात. वृद्धाच्या लघवीत जिवाणू सापडले, पण त्रास काही नाही, अशा वेळी सहसा प्रतिजैविकाची गरज नसते. तरीही ते सर्रास दिले जाते. मात्र हाच जिवाणू नळीवाटे रक्तात गेला, तर नेहमीचे औषध लागू पडत नाही आणि कल्चरचा अहवाल येईपर्यंतचे दोन-तीन दिवस जिवावर बेततात.

असा जिवाणू किती दूर जाऊ शकतो? भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत 2008 साली क्लेबसिएला सापडला. कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधे निकामी करणारे त्यातील विकर पुढे ‘एनडीएम-1’ या नावाने ओळखले गेले. नावात दिल्ली आल्याने आपल्याकडे मोठा वाद झाला. वस्तुतः मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी 2010 साली स्वतःच नोंदवले होते की, तीन महिन्यांत मिळालेल्या अशा 24 कार्बापेनेमरोधी जिवाणूंपैकी 22 मध्ये एनडीएम-1 होते. वादापेक्षा ही नोंद अधिक मोलाची.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने 2013 मध्ये अशा रुग्णांची सामाईक नोंदवही सुरू केली. नवा रुग्ण दाखल होताच ती पाहता येते. आपल्याकडे रुग्णाच्या हातातले डिस्चार्ज कार्ड हेच मुख्य साधन. रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शिक्षकांनी तीन प्रश्न पाठ करून घ्यावेत : गेल्या काही महिन्यांत रुग्ण कोठे दाखल होता, कोणती प्रतिजैविके किती दिवस घेतली, नळी केव्हा बसवली. चौथा प्रश्न कल्चरच्या अहवालाचा. लहान नर्सिंग होममधून नमुना बहुधा बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो. अहवाल येतो तोवर रुग्ण दुसरीकडे हलवलेला असतो आणि तो कागद मागेच राहतो.