टाच घासायची, पण किती?

दिवाळी सरून थंडी पडली की आमच्या भातकुलीकडे कापूस वेचणाऱ्या बायांच्या टाचा फुटतात. माझी आई रोज वज्रीनं टाच घासायची, पार रक्त येईस्तोवर. थांबवलं तर म्हणायची, "रगडल्याबिगर निंगते का?"

तिचं अर्धं बरोबर होतं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर येतात, जुन्या आपोआप झडतात. या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात. ते टाके एन्झाइम तोडतात, पण एन्झाइमला पाणी लागतं. त्वचा कोरडी झाली की टाके तुटत नाहीत, थर साचतो. तळपायाला तेलग्रंथी नसतातच. मग जाड, कडक टाच अंगाच्या वजनानं तडकते.

साचलेला थर हलक्या हातानं काढला तर मलम आत मुरतं. रोज जोरात घासलं तर मात्र त्वचा स्वतःला वाचवायला आणखी जाड होते.

म्हणून पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, आठवड्यातून एकदा-दोनदा वज्री फिरवा आणि टाच ओलसर असतानाच व्हॅसलिन किंवा युरियाचं मलम लावा. युरिया पाणी धरून ठेवतो. (मेडिकलमधलं मलम हं, शेतातलं खत नाही!)

घरात कुणाला शुगर असेल तर वज्री नकोच. पाय बधिर असला तर जखम झालेली कळत नाही. अशा वेळी डॉक्टरांनाच दाखवा.

आईची वज्री आता फक्त रविवारी निघते.