हप्ता वाढला, हिशेब कोठें आहे?

जमाखर्चाची वही ही आपल्या घरांतील एक जुनी मानकरीण आहे. जेथें तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें पैशापेक्षांहि हिशेबाची किंमत अधिक असते. पैसा कमी पडला तर माणसें काटकसर करून दिवस काढतात. परंतु हिशेब लागेनासा झाला कीं तीं एकमेकांकडे संशयानें पाहूं लागतात, आणि घरांतील वडील माणूस तर पुष्कळदां स्वतःकडेच संशयानें पाहूं लागतो. इंग्लंडांतील लेस्टर शहरीं आमच्या पुतणीच्या घरीं असाच प्रकार घडला. आज आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे, मुली व सुना त्या देशांत संसार करीत आहेत. यास्तव ती हकीकत येथें सविस्तर सांगणें आम्हांस उपयुक्त वाटतें.

आमचे वडील बंधू, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, वहिनी गेल्यानंतर २०२३ च्या नोव्हेंबरांत मुलीकडे राहावयास गेले. पुढें एप्रिलांत पुतणीचा फोन आला. “काका, दादांना तुम्हीच कांहीं तरी सांगा. ते आपल्या खोलींतला रेडिएटर बंद करून, कानटोपी घालून बसतात. विचारलें तर म्हणतात, मला थंडी वाजत नाहीं.” एप्रिलांतहि तेथें सकाळीं चांगलीच थंडी असते. खोदून विचारतां खरें कारण कळलें. वीज व गॅस पुरविणाऱ्या कंपनीचें पत्र आलें होतें, कीं दरमहा १७० पौंडांचा हप्ता पुढील महिन्यापासून २२३ पौंड होईल. शिवाय खात्यावर ४५० पौंड बाकी दाखविली होती. पत्र जेवणाच्या टेबलावर पडलें होतें. तें दादांनीं वाचलें आणि मनाशीं ठरवून टाकलें, कीं हा खर्च आपल्या येण्यामुळें वाढला.

तेथील पद्धत आपल्याहून निराळी आहे, ती आधीं सांगितली पाहिजे. आपल्याकडे सामान्यतः मीटर वाचला जातो, मग बिल येतें, आणि तें आपण भरतों. तेथें बहुसंख्य कुटुंबें ‘डायरेक्ट डेबिट’नें पैसे देतात, म्हणजे ग्राहक बँकेला एकदांच परवानगी देतो आणि कंपनी ठरल्या तारखेस रक्कम परस्पर उचलते. ही युक्ति १९६४ सालीं युनिलिव्हर कंपनींतील ॲलिस्टर हँटन या गृहस्थांनीं काढली, ती आइस्क्रीम विकणाऱ्यांकडून येणें सुलभपणें वसूल व्हावें म्हणून. पुढें ती घरोघर पोहोंचली.

वीज-गॅसच्या बाबतींत हा हप्ता बहुधा वर्षभर सारखा ठेवतात. उन्हाळ्यांत खप थोडा, म्हणून खात्यावर पैसे सांचतात. हिंवाळ्यांत घरें तापवावीं लागतात, तेव्हां ते खर्ची पडतात. आपल्या घरांत चैत्र-वैशाखांत वर्षाचें धान्य भरून ठेवीत, त्यांतलाच हा विचार. व्यवस्था सोयीची आहे यांत शंका नाहीं. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये: हप्ता म्हणजे बिल नव्हे. बिल हें वापरलेल्या मालाचें असतें. हप्ता हा पुढील खर्चाचा अदमास असतो. अदमास चुकूं शकतो, आणि तो कसा केला हें विचारण्याचा ग्राहकास पूर्ण अधिकार आहे.

आम्हांस प्रथम खटकली ती गोष्ट अशी, कीं त्याच एप्रिलांत तेथील भाव उतरले होते. ‘ऑफजेम’ ही तेथील वीज व गॅसच्या व्यापारावर देखरेख ठेवणारी शासकीय संस्था. २०१८ च्या कायद्यान्वयें १ जानेवारी २०१९ पासून ती दरांची कमाल मर्यादा ठरविते. वर्तमानपत्रांत या मर्यादेचा जो वार्षिक आंकडा छापून येतो, तो मध्यम खपाच्या घराचा नमुना असतो. बंधन असतें तें दर युनिटच्या भावावर व रोजच्या स्थिर आकारावर. १ एप्रिल २०२४ रोजीं हा नमुन्याचा आंकडा १,९२८ पौंडांवरून १,६९० वर आला. भाव उतरले असतां हप्ता चढावा, याचा अर्थ कंपनीच्या मतें या घराचा खप अतोनात वाढला होता. मग तो खरोखर वाढला होता काय?

आम्हीं पुतणीस सांगितलें, “बिल हातांत घे आणि मीटरचे आंकडे कसे मिळाले तें पाहा.” तेथील बिलावर प्रत्येक आंकड्यापुढें तो प्रत्यक्ष वाचलेला आहे कीं अंदाजी आहे हें लिहिलेलें असतें. पाहतां नोव्हेंबरपासूनचे सारे आंकडे अंदाजी निघाले! घरांत ‘स्मार्ट मीटर’ होता, जो आंकडे आपोआप कळवितो. परंतु तो नोव्हेंबरांत मुका झाला होता आणि कंपनीचें यंत्र मनानेंच आंकडे मांडीत होतें. दादा आले तो महिना आणि मीटर मुका झाला तो महिना एकच. म्हणून तर सर्वांचा गैरसमज झाला.

नंतर जांवईबापूंनीं मीटर वाचला. गॅसच्या मीटरवर दशांश-चिन्हापूर्वींचे आंकडे घ्यावयाचे, पुढचे सोडावयाचे. कंपनीचा अंदाज होता ४,९९०. मीटर दाखवीत होता ४,३९०. सहाशें घनमीटरांचा फरक! एक घनमीटर गॅस म्हणजे सुमारें ११.२ युनिट, तेव्हां ६,७०० हून अधिक युनिट, जे या घरानें कधीं जाळलेच नाहींत, ते त्याच्या नांवें लिहिले गेले होते. त्यांची किंमत सुमारें ४९० पौंड. ती वजा करतां ४५० पौंडांची बाकी नाहींशी होऊन उलट ४० पौंड कुटुंबाचेच शिल्लक निघत होते.

मग पुढील वर्षाचा अदमास आम्हीं कागदावर मांडला. वीज ३,१०० युनिट, दर साडेचोवीस पेन्स. गॅस १२,००० युनिट, दर ६.०४ पेन्स, शिवाय दोहोंचा रोजचा स्थिर आकार, मिळून सुमारें साडेएक्याण्णव पेन्स. वर्षाची बेरीज सुमारें १,८१८ पौंड. बारांनीं भागतां महिना १५२. म्हणजे हप्ता वाढावयाचा तर नव्हताच, तो उतरावयास हवा होता.

जांवईबापू तरुण आहेत, ते संतापून म्हणाले, “काका, बँकेला सांगून हें डेबिट आजच बंद करतों.” आम्हीं त्यांना आवरलें. बँकेची परवानगी केव्हांहि रद्द करतां येते, हें खरें. परंतु तसें केल्यास हप्त्यानें भरणाऱ्यांचा सवलतीचा दर जाऊं शकतो, आणि न भरलेली रक्कम कर्ज म्हणून नांवावर चढूं शकते. भांडण हिशेबाचें असतां आपण देणेंकरी ठरणें शहाणपणाचें नव्हे. डायरेक्ट डेबिटच्या हमीप्रमाणें रक्कम बदलण्यापूर्वीं ग्राहकास सूचना मिळाली पाहिजे, बहुधा कामाचे दहा दिवस आधीं. आणि रक्कम चुकीनें उचलली गेल्यास बँकेकडून परत मागतां येते. परंतु बँक फक्त उचल परत करते. खात्यावरील मूळ हिशेब कंपनीशींच मिटवावा लागतो.

फोनवर पहिलें उत्तर मिळालें तें असें, कीं हप्ता यंत्र ठरवितें, त्यांत बदल होत नाहीं. हें उत्तर पुरेसें नव्हे. कंपन्यांना व्यापाराचा जो परवाना मिळतो त्याच्या अटींतच लिहिलें आहे, कीं ठराविक हप्ता हा उपलब्ध असलेल्या उत्तमोत्तम व ताज्या माहितीवर आधारलेला असावा, आणि तो कसा ठरविला हें ग्राहकास स्पष्ट व सुबोध भाषेंत सांगावें. म्हणून पुतणीनें लेखी तक्रार केली. पत्राच्या शिरोभागीं ‘तक्रार’ हा शब्द घातला, तारीख घातली, मीटरचें छायाचित्र जोडलें, आणि चारच प्रश्न विचारले. आंकडे प्रत्यक्ष आहेत कीं अंदाजी? वर्षाला किती युनिट धरले? कोणत्या दरानें? आणि बाकी असल्यास ती किती महिन्यांत वसूल करणार? यांत रागाचा एक शब्द नव्हता. आमचा अनुभव असा आहे, कीं रागाच्या पत्राला दिलगिरीचें उत्तर येतें. हिशेबाच्या पत्राला हिशेबाचें उत्तर द्यावें लागतें.

तिसऱ्या आठवड्यांत ‘चौकशी चालू आहे’ असें दोन ओळींचें उत्तर आलें. मध्यंतरीं मे महिन्याचा २२३ पौंडांचा हप्ता उचललाहि गेला. पुतणीनें पुन्हां लिहिलें, आणि मुदत संपतांच आपण लवादाकडे जाऊं हेंहि कळविलें. सहाव्या आठवड्यांत उत्तर आलें: मीटरचा खरा आंकडा मान्य, बाकी रद्द, हप्ता १५२ पौंड, आणि जादा घेतलेले ७१ पौंड परत.

एवढ्यावर काम न भागलें तर काय करावें? २००८ च्या नियमांनीं कंपनीला तक्रार मिटविण्यास आठ आठवड्यांची मुदत दिली; मुदतींत फेरबदल झाला आहे काय, हें तक्रार करतांना पाहून घ्यावें. ती मुदत टळली, किंवा कंपनीनें ‘याहून अधिक कांहीं करतां येत नाहीं’ असें लेखी कळविलें, कीं ‘एनर्जी ओम्बड्समन’ या लवादाकडे जातां येतें. असें लेखी उत्तर आलें असल्यास बारा महिन्यांच्या आंत जावें. तेथें फी नाहीं, वकील नको. ग्राहकानें निर्णय स्वीकारला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. न पटल्यास ग्राहक मोकळा असतो. ज्यांना पत्र लिहिण्याची संवय नाहीं, त्यांना ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ ही संस्था विनामूल्य सल्ला देते. आणखी एक लक्षांत ठेवावें: मे २०१८ पासूनच्या नियमानुसार कंपनीच्या चुकीमुळें राहून गेलेलें, बारा महिन्यांहून जुन्या वापराचें बिल ती मागूं शकत नाहीं.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. प्रत्येक वाढ अन्यायाची नसते. एप्रिल २०२२ मध्यें तो नमुन्याचा आंकडा १,२७७ पौंडांवरून एकदम १,९७१ वर गेला. त्या वेळीं हप्ते वाढणें अटळ होतें. परंतु त्याच जुलैंत ऑफजेमनें कंपन्यांची तपासणी केली, तेव्हां पांच लाखांहून अधिक ग्राहकांचे हप्ते दुपटीहूनहि वर गेल्याचें तिला दिसलें, आणि कांहीं कंपन्यांच्या हप्ते ठरविण्याच्या पद्धतींत गंभीर दोष आढळले. तेव्हां मीटर आधीं वाचावा, तक्रार मागाहून करावी. मीटरनें कंपनीची बाजू खरी ठरविली, तर पैसे निमूटपणें द्यावे, आणि बाकी अधिक महिन्यांत विभागून मागावी.

दादांचा हिशेब मात्र अजून व्हावयाचा होता. आम्हीं मुद्दाम पुतणीकडून आदल्या हिंवाळ्याचीं बिलें मागवून या हिंवाळ्याच्या खऱ्या आंकड्यांशीं ताडून पाहिलीं. गॅसचा खप वाढला होता, हें खोटें नव्हे, पण किती? पांच महिन्यांत साठ घनमीटर, म्हणजे सुमारें ४९ पौंड. महिन्याला दहा पौंडहि नाहींत. आम्हीं फोनवर दादांना तो आंकडा वाचून दाखविला. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “अरे, मला वाटलें होतें मी पोरीला कर्जांत घातली.”

पुतणी शेजारींच होती. ती म्हणाली, “दादा, दहा पौंडांचें काय घेऊन बसलांत? आणि शंभर असते तरी खोली गारच ठेवणार होतां का?”

हल्लीं दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दादा चष्मा लावून मीटरपाशीं जातात, आंकडा वहींत टिपतात, आणि नातवाकडून तो कंपनीस कळवितात. मीटर दुरुस्त झाला आहे, तरीहि त्यांचा हा नेम चुकत नाहीं. खोलींतील रेडिएटरची कळ कोणी बंद करीत नाहीं. आमच्या वाचकांचीं मुलेंबाळें त्या देशांत असतील, तर हा लेख त्यांना अवश्य कळवावा. आणि घरांत कोणी वडील माणूस असेल, तर कंपनीचें पत्र टेबलावर टाकून न ठेवतां हिशेब त्याच्या समोर बसून करावा.