दोन देश, दोन सह्या

संध्याकाळचे आठ वाजलेले असतात. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवलीतल्या एखाद्या जिमखान्याच्या, नाहीतर शाळेच्या सभागृहात तीस-चाळीस माणसे जमतात. कुणी दवाखाना आटोपून आलेले असते, कुणी दुकानाचे शटर ओढून, तर कुणी चर्चगेट किंवा सीएसएमटीहून गर्दीची लोकल पकडून. टेबलावर पितळी घंटा असते, अध्यक्षांच्या गळ्यात पदाची कॉलर असते. घंटेचा टोला पडतो, राष्ट्रगीत होते आणि रोटरी क्लबची सभा सुरू होते. भिंतीजवळ लहान लहान बॅनर टांगलेले असतात. त्यांवर जपान, ब्राझील, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या गावांची नावे दिसतात. त्या गावच्या क्लबांशी कधीतरी भेट झाली, बॅनरची अदलाबदल झाली, त्याची ही नोंद.

उपनगरांना सेवा क्लबांची ओळख आहे ती त्यांच्या स्थानिक कामामुळे. नेत्रतपासणी शिबिर, रक्तदान, पालिकेच्या शाळेतली वह्यांची वाटणी, बागेतले बाकडे. रोटरी, लायन्स, इनरव्हील, जायंट्स ही नावे आपण रोज पाट्यांवर वाचतो. या संस्थांच्या कामाची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी पाहत नाही. देशादेशांत सद्भाव वाढवणे हेही त्यांचे लिखित उद्दिष्ट आहे. शांततेवर भाषणे पुष्कळ होतात. या क्लबांचे वेगळेपण असे, की त्यांनी शांततेसाठी कामाच्या पद्धती घडवल्या आणि त्या पाळणे हा संस्थेचा नेम झाला.

रोटरीची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत झाली. पॉल हॅरिस हा तरुण वकील परक्या शहरात एकटा पडला होता. वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांची मैत्री व्हावी, एवढाच त्याचा हेतू होता. भेटीची जागा आळीपाळीने बदलायची, म्हणून रोटरी. पहिले महायुद्ध संपल्यावर या मैत्रीला मोठा अर्थ आला. १९२१ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे, अमेरिकेबाहेर पहिल्यांदाच भरलेल्या अधिवेशनात, आंतरराष्ट्रीय शांतता आणि सद्भाव हे संस्थेचे ध्येय म्हणून स्वीकारले गेले. भारतात कोलकात्याचा क्लब १९२० मध्ये सुरू झाला आणि मुंबईचा १९२९ मध्ये. पुढे गिरणगाव आणि कोटापलीकडे शहर पसरत गेले, तसे उपनगरांतही क्लब निघाले. लायन्स ही संघटना मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये उभी केली. तिचा भारतातला पहिला क्लब १९५६ साली मुंबईतच स्थापन झाला. जायंट्स तर अस्सल मुंबईची. नाना चुडासामा यांनी १९७२ साली ती इथे सुरू केली आणि पुढे तिच्या शाखा परदेशांतही गेल्या.

या क्लबांची रचनाच मुळात माणसे एकत्र आणणारी आहे. एकाच धंद्यातल्या लोकांनी क्लब भरून जाऊ नये, असा रोटरीचा जुना दंडक आहे. म्हणून मुलुंडच्या एखाद्या क्लबात मराठी डॉक्टर, कच्छी व्यापारी, सिंधी कारखानदार, तमिळ बँक अधिकारी आणि केरळचे मुख्याध्यापक एका टेबलाशी बसतात. दुसरी पद्धत ‘मेक-अप’ची. आपल्या क्लबची सभा चुकली, तर जगातल्या कुठल्याही रोटरी क्लबच्या सभेला बसून ती हजेरी भरून काढता येते. कामानिमित्त नैरोबीला किंवा ओसाकाला गेलेला बोरिवलीचा माणूस संध्याकाळी तिथल्या क्लबात जातो. तिथे त्याला कुणी ओळखत नसते, तरी खुर्ची आणि जेवण हक्काचे असते. परक्या गावात हक्काची खुर्ची मिळणे ही लहान गोष्ट नाही.

क्लबांच्या कामांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रोटरीचा युथ एक्स्चेंज. त्याची मुळे १९२०च्या दशकातल्या युरोपात आहेत. १५ ते १९ वयाची मुले शैक्षणिक वर्षभर दुसऱ्या देशात राहतात, शाळेत किंवा कॉलेजात जातात. येणारा तो ‘इनबाऊंड’, जाणारा तो ‘आऊटबाऊंड’. राहण्याची सोय हॉटेलात किंवा वसतिगृहात नसते, घरात असते. वर्षभरात बहुधा एकाहून अधिक कुटुंबे त्या मुलाला आपल्याकडे ठेवतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत. विमानाचे तिकीट आणि विमा मुलाच्या घरच्यांनी पाहायचा. क्लब एक समुपदेशक नेमतो आणि अडचण आली की मूल त्याच्याकडे जाते. नियम कडक आहेत. गाडी चालवायची नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही. अंगातल्या ब्लेझरवर मात्र भेटेल त्या देशाची पिन लावायची. वर्ष संपेपर्यंत तो ब्लेझर चांगलाच जड होतो.

हे मूल अंधेरीच्या विमानतळावर उतरते ते बहुधा भर पावसाळ्यात. पहिला महिना त्याच्यासाठी कसोटीचा असतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पाच माणसे, त्यांतल्या आजी दुपारी झोपलेल्या, म्हणून आवाज करायचा नाही. घाटकोपरला जैन घर असेल तर कांदा-बटाटाही नाही. मग गणपती येतात. मूल आरतीला टाळ वाजवते, उकडीचे मोदक वळायला बसते, नवरात्रात गरबा शिकते. घरातल्या मुलांशी त्याची भांडणे होतात, समेट होतो. परीक्षा आली की घरची आई त्यालाही इतरांसारखीच रागावते. तो मायदेशी परततो, तेव्हा भारत ही त्याच्यासाठी नकाशावरची जागा उरलेली नसते. तिथे त्याची माणसे असतात. इकडे त्या घरातल्या मुलानेही जर्मनी किंवा मेक्सिको एका माणसाच्या रूपात पाहिलेला असतो. पुढे कधी त्या देशाविरुद्ध कुणी त्याला भडकवू लागले, तर त्याला आधी तो भाऊ आठवेल. शांततेची इतकी पक्की गुंतवणूक दुसरी कुठली असेल, असे मला वाटत नाही.

मोठ्यांसाठी अशीच एक योजना होती. १९६५ ते २०१३ या काळात चाललेल्या ग्रुप स्टडी एक्स्चेंजमध्ये रोटरीचे सभासद नसलेले तरुण व्यावसायिक एका रोटेरियनच्या नेतृत्वाखाली चार ते सहा आठवडे दुसऱ्या देशात जात. आपल्या व्यवसायाचे तिथले रूप पाहत आणि तिथल्या घरांत मुक्काम करत. इथली परिचारिका तिथल्या परिचारिकेला तिच्या वॉर्डात भेटे आणि शिक्षक शिक्षकाला वर्गात. एकाच कामातली माणसे भाषा अडली तरी एकमेकांना लवकर समजतात.

आता पैशाच्या कामाकडे वळू. रोटरी फाउंडेशनची बीजकल्पना १९१७ मध्ये आर्च क्लम्फ यांनी मांडली. आज तिचे ग्लोबल ग्रँट असे चालते. प्रकल्प ३०,००० डॉलर किंवा त्याहून मोठा हवा. जिथे काम व्हायचे तिथला क्लब किंवा डिस्ट्रिक्ट (म्हणजे एका भागातल्या क्लबांचा गट) हा यजमान भागीदार, आणि दुसऱ्या देशातला क्लब किंवा डिस्ट्रिक्ट हा आंतरराष्ट्रीय भागीदार. दोघांच्याही संमतीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. आधी गरजेची पाहणी करायची, मग वेगळे बँक खाते उघडायचे आणि त्यावर एकाहून अधिक सह्या ठेवायच्या. वर्षाच्या आत अहवाल द्यायचा. परदेशी देणगीचा पैसा असेल तर आपल्याकडे एफसीआरए कायद्याची चौकशी वेगळी. कागदपत्रांचा हा व्याप नव्या सभासदाला जाचक वाटतो.

पण सद्भाव खरा जुळतो तो याच कागदपत्रांत. समजा बोरिवलीच्या क्लबाला डायलिसिस यंत्रे बसवायची आहेत, किंवा जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर बंधारा बांधायचा आहे. त्यासाठी कॅनडातल्या एखाद्या गावातल्या माणसाला पत्र लिहावे लागते. तो प्रश्न विचारतो. यंत्र बिघडले तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार? पाड्यावरच्या बायकांना विचारले का? इथला माणूस चिडतो, मग माहिती काढतो, उत्तर पाठवतो. महिनोन्महिने असा पत्रव्यवहार चालतो. अखेर दोन देशांतली माणसे एकाच कागदावर सह्या करतात आणि एका कामाला मिळून जबाबदार होतात. देणारा आणि घेणारा असे नाते असले की देणाऱ्याला अहंकार होतो आणि घेणाऱ्याला मिंधेपण येते. भागीदाराचे नाते मात्र बरोबरीचे असते. भारतीय क्लबही आज परदेशांतल्या कामांत असे भागीदार होतात. चंदीगडचे राजेंद्र साबू १९९१-९२ मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने १९९८ पासून भारतीय डॉक्टरांची पथके आफ्रिकेत शस्त्रक्रिया करायला जाऊ लागली. आपण आता फक्त घेणारे राहिलेलो नाही, हे यातून जगाला दिसले.

लायन्सने मुलांसाठी वेगळी वाट शोधली. १९८८ पासून त्यांची शांतता पोस्टर स्पर्धा जगभर भरते. वय ११ ते १३. दरवर्षी नवा विषय. चित्रात एकही अक्षर किंवा अंक चालत नाही. लायन्स क्लब शाळेत जातो, कागद आणि विषय देतो, एक चित्र निवडतो. तिथून ते डिस्ट्रिक्ट, मल्टिपल डिस्ट्रिक्ट असे वर चढत आंतरराष्ट्रीय परीक्षकांपुढे जाते. पहिल्या चित्राला ५,००० डॉलर आणि आणखी २३ चित्रांना प्रत्येकी ५०० डॉलर मिळतात. दृष्टिदोष असलेल्या मुलांसाठी याच विषयावर निबंधाची स्पर्धा असते. बक्षीस एखाद्यालाच मिळते, हे खरे. पण भांडुपच्या मराठी शाळेतली सहावीची मुलगी आठवडाभर ‘शांतता कशी दिसते’ याचा विचार करते, आणि त्याच आठवड्यात इटलीतला एखादा मुलगाही तोच विचार करत असतो. शाळांनी ही स्पर्धा कलेच्या तासापुरती ठेवू नये. त्या विषयावर वर्गात बोलणेही व्हावे.

सर्वांत मोठी कसोटी पोलिओची. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस हा कार्यक्रम जाहीर केला. त्याच वर्षी एल साल्वाडोरमध्ये यादवी चालू असताना मुलांना लस देण्यासाठी काही दिवस बंदुका थांबल्या. लसीसाठी युद्धविराम होऊ शकतो, हे तिथे दिसले. आपल्याकडे १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. उपनगरांतल्या वाचकांना ते रविवार आठवत असतील. कोपऱ्यावरचा बूथ, थर्मास, बाळाच्या करंगळीवरची शाईची खूण. रेल्वे स्थानकांवर बाहेरगावाहून आलेल्या मुलांना गाठायला पालिकेच्या आरोग्यसेविकांसोबत क्लबांचे स्वयंसेवक उभे राहत. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ नंतर नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूच्या नव्या रुग्णाची नोंद नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताचे नाव पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून काढले. त्या वर्षी रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते कल्याण बॅनर्जी, वापीचे, म्हणजे बोरिवलीच्याच पश्चिम रेल्वेमार्गावरचे. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. विषाणूला सीमा कळत नाही, म्हणून तो हटवायला शेजारी देशाचेही भले चिंतावे लागते. पाकिस्तानातली लसीकरणाची लढाई अजून संपलेली नाही आणि तिथले रोटेरियनही त्याच कामात आहेत. त्यांचे यश आपल्याही मुलांसाठी आहे.

या क्लबांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मैत्रीने युद्धे थांबली नाहीत. नाझी राजवटीत १९३७ साली जर्मनीतले रोटरी क्लब विसर्जित झाले, आणि १९४० मध्ये जपानचे क्लब बाहेर पडले. जगाशी मैत्री सांगणाऱ्या रोटरीने १९८९ पर्यंत जगभरच्या क्लबांचे सभासदत्व स्त्रियांना खुले केले नाही. त्यांच्यासाठी १९२४ मध्ये मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी इनरव्हील काढले, ते आज उपनगरांत जोमाने चालते. क्लबांची वर्गणी सगळ्यांना परवडत नाही, त्यामुळे चाळीतला आणि झोपडपट्टीतला मुंबईकर बहुधा लाभार्थीच राहतो. आणि घरातल्या शांततेचा प्रश्न आहेच. १९९२-९३च्या दंगलींत जोगेश्वरीसारखी उपनगरे होरपळली. तेव्हा समाजांना पुन्हा बोलते केले ते मोहल्ला समित्यांनी. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारख्या लोकांनी पोलीस आणि वस्त्यांना एकत्र बसवले. सेवा क्लबांनी त्यांच्याकडून शिकावे. कॅनडातल्या भागीदाराशी जो संवाद होतो, तोच शेजारच्या वस्तीशी झाला पाहिजे.

शांततेचे काम शिकता येते, हे आता विद्यापीठांनीही मान्य केले आहे. उप्साला, ब्रॅडफर्ड, टोकियो, कंपाला, इस्तंबूल अशा ठिकाणी रोटरीची शांतता केंद्रे निघाली. २०२४ मध्ये त्यासाठी पुण्याच्या सिंबायोसिस विद्यापीठाची निवड झाली. ही निवड योग्य जागी पडली आहे. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असलेल्या शां. ब. मुजुमदारांनी आजारी परदेशी विद्यार्थ्याचे एकटेपण पाहिले आणि अशा मुलांसाठी १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू केले. परक्याला घर मिळावे, हेच त्या संस्थेचेही मूळ आहे.

मग उपनगरातल्या वाचकाने काय करावे? घरात एखादी जादा खाट असेल, तर जवळच्या रोटरी क्लबात जाऊन एक्स्चेंजच्या मुलाला काही महिने घरी ठेवता येईल का, ते विचारावे. शाळेत शिकवत असाल, तर लायन्सच्या पोस्टर स्पर्धेत तुमचा वर्ग उतरवा. मुलगा-मुलगी माध्यमिक शाळेत असेल, तर शाळेत रोटरीचा इंटरॅक्ट क्लब आहे का ते बघा. वर्षाला निदान एक उपक्रम आंतरराष्ट्रीय सद्भावासाठी करायचा, असा त्या क्लबांचा नियम आहे. आणि जे आधीच सभासद आहेत त्यांनी हारतुरे आणि फोटो कमी करून परदेशी भागीदाराला एक पत्र जास्त लिहावे. दोन देशांतली दोन माणसे एका कामाला मिळून जबाबदार झाली, की त्यांच्यात वैर रुजवणे कुणालाही अवघड जाते. त्या जोड्या वाढवणे आपल्या हातात आहे.